सील फोडल्यानंतर

स्टोअरबाईंच्या घरात वस्तू खराब होत नाही, असं त्यांच्या शेजारणी म्हणत, आणि त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे शेजारणींनाच ठाऊक. बाईंची सगळी नोकरी हॉस्पिटलच्या औषधभांडारात गेली. आधी आलेलं आधी बाहेर, जुनं पुढे, नवं मागे, आणि सील फुटलेली वस्तू थेट कचऱ्यात. एकदा एका सिस्टरने कोपरा जरासा फाटलेलं बँडेजचं पाकीट "चालतंय हो" म्हणून उचललं, तर बाईंनी तिला सगळ्या वॉर्डादेखत असं झापलं की त्यानंतर ती बिचारी बँडेज आणायला दुसऱ्या कुणाला तरी पाठवायची. निवृत्तीनंतर हा सगळा कारभार घरी आला. घरात माणसं दोनच, पण प्रत्येक डब्यावर चिठ्ठी आणि चिठ्ठीवर तारीख. मिठालासुद्धा सुटका नव्हती.

नवरा गिटार शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. वस्तू जागेवर ठेवणं हा प्रकार मास्तरांच्या पत्रिकेतच नव्हता. गिटारच्या तारा सहाच्या संचात येतात, सगळ्या एका सीलबंद पाकिटात. मास्तरांची नेहमी पहिलीच तार तुटे, सगळ्यात बारीक असते ती. तुटली की ते नवं पाकीट फोडत, एक तार काढत आणि उरलेल्या पाच हात जाईल तिथे ठेवत. पुस्तकात, टीव्हीमागे, सोफ्याच्या फटीत, एकदा तर बाईंच्या चष्म्याच्या घरात. बाई सकाळी वाचायला बसल्या आणि चष्म्याऐवजी बोटाला तार टोचली. त्या दिवशी घरात जे काही बोलणं झालं त्यात संगीताचा सूर कमी होता.

त्यात बाजारातलं वाद्यांचं दुकान बंद होणार असं कळलं. मास्तर गेले आणि मिळतील तेवढी पाकिटं खोकं भरून घेऊन आले. खोकं पाहिल्याबरोबर बाईंच्या अंगात जुनी नोकरी संचारली. त्यांनी चष्मा लावून पाकीट पुढूनमागून वाचलं, एक्सपायरी शोधली. कुठेही नव्हती. आता ज्या वस्तूला एक्सपायरीच नाही, ती खिळ्या-स्क्रूंच्या जातीची. हा काही अंदाज नव्हता, इतक्या वर्षांचा अनुभव होता. एका निवांत दुपारी त्यांनी एकूण एक पाकीट फोडलं, तारा निवडल्या, सारखी वेटोळी केली आणि जाडीप्रमाणे सहा डब्यांत लावून टाकल्या. डब्यांवर एक ते सहा आकडे घातले. रिकामी जागा एकच होती, न्हाणीघरात वॉशिंग मशीनच्या वरचं कपाट. तिथे डबे असे शोभून दिसले की बाईंनी दोन पावलं मागे जाऊन ते पाहिले.

"हे बघा," त्या मास्तरांना म्हणाल्या, "पहिली तुटली की एक नंबरचा डबा. बाकी कशाला हात लावायचा नाही."

"अगं, तुझ्यासारखी बायको सगळ्या वादकांना मिळाली तर दुकानं बंदच पडतील," मास्तर म्हणाले. "पडलीच म्हणा."

रोज सकाळी मास्तर कढत पाण्याने अंघोळ करत. आरसा धूसर होई, भिंतीला घाम फुटे, आणि ती वाफ वरच्या कपाटातही जात असेल, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पावसाळी हवेचे महिने गेले आणि मास्तरांची कुरकुर सुरू झाली. गिटार सुरात राहीना. वाजवण्यापेक्षा खुंट्या पिळण्यातच वेळ जाई. आवाज बसलेला, नाक चोंदल्यासारखा. पहिल्यांदा त्यांनी हवेला दोष दिला. मग सगळ्या तारा काढून डब्यांतल्या नव्या लावल्या. तरी तेच. आठवडाभराने त्याही काढल्या आणि पुन्हा नव्या लावल्या. तरीही तेच.

"नव्याकोऱ्या तारांवर हे हाल," मास्तर म्हणाले. "म्हणजे वाजवणाराच जुना झाला."

मागच्या वर्षी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवला होता. तेव्हापासून शरीरावरचा त्यांचा विश्वास उडाला होता आणि काहीही बिनसलं की आधी संशय शरीरावर जाई. वाजवल्यावर बोटं काळी होत, तर म्हणत, गोळ्यांमुळे घाम बदलला असेल. नजर मोतीबिंदूने आधीच मंदावलेली, बोटांची टोकं वर्षानुवर्षांच्या घट्ट्यांनी बधिर झालेली. पण खरं सांगायचं तर डोळे चांगले असते तरी त्यांनी डब्याकडे संशयाने पाहिलं नसतं. बायकोच्या हातची वस्तू खराब निघू शकते ही शक्यता त्यांच्या हिशेबातच नव्हती.

बाईंना कळलं ते मंगळवारी. मास्तर भाजीला गेले होते. बाई दर मंगळवारी पुसतात तशी गिटार पुसत होत्या, पांढऱ्या मऊ फडक्याने. तारांवरून हात फिरवला आणि फडक्यावर ओळीने तपकिरी रेघा उठल्या. बाईंनी फडकं खिडकीशी धरलं. मग त्या सरळ न्हाणीघरात गेल्या, स्टुलावर चढल्या आणि एक नंबरचा डबा काढला.

वरची वेटोळी बरी दिसत होती. खाली बारीक बारीक लाल ठिपके होते, आणि तळाशी डब्यालाच गंज उतरला होता. जाड तारांचा पिवळा रंग मळकट पडला होता. त्यांनी एक तार दोन बोटांत धरून ओढली. बोटं तपकिरी झाली.

त्या स्टुलावरच उभ्या राहिल्या. कुणी काही सांगायची गरजच नव्हती. सील फोडलंस. ओल असलेल्या जागी ठेवलंस. भांडारातल्या कुणा नव्या मुलीने हे केलं असतं तर आपण तिला काय काय बोललो असतो, ते सगळं त्यांना शब्दन् शब्द ऐकू आलं. पाकीट बंद राहिलं असतं तर त्या तारा वर्षानुवर्षं टिकल्या असत्या. एक्सपायरी छापली नव्हती ती याचसाठी, आणि आपण नेमका उलटा अर्थ घेतला. लाजेने त्यांचे कान तापले. पण ही लाज साधी होती, चूक झाल्याची. आल्या आल्या त्यांना सांगून टाकू, असं ठरवूनच त्या खाली उतरल्या.

मास्तर आले ते पिशवी न ठेवताच बोलू लागले.

"मी वाटेत ठरवून टाकलं. कान तपासून घेतो. कानच गेले असतील तर रविवारचं बंद करतो. लोक जेवायला येतात, त्यांचा घास कशाला बेसूर करायचा?"

रविवारचं म्हणजे हॉटेलातलं वाजवणं. नदीकाठच्या त्या हॉटेलच्या जेवणघरात दर रविवारी भर दुपारी तिघं वाजवत: मास्तर, एक अ‍ॅकॉर्डियनवाले आणि एक गाणारी. लग्नाच्याही आधीपासून. बाईंना सगळ्या नोकरीत सुट्टी मिळे ती रविवारची, आणि रविवारी सकाळपासून मास्तर खुंट्या पिळत, अ‍ॅम्प्लिफायर जिन्यावरून उतरवत, आणि संध्याकाळी दमून येऊन झोपत. बाईंनी रविवार धुण्यात घालवले, बहिणीकडे घालवले, कपाटं आवरण्यात घालवले. वाटलं होतं, निवृत्तीनंतर तरी. पण निवृत्त त्या झाल्या होत्या, मास्तर नव्हते. त्या भांडी जरा जोरात आपटत, दार जरा जोरात लावत. मास्तरांना वाटे, हिला आवाजाचा त्रास होतो.

"रविवारचं बंद करतो" हे शब्द बाईंच्या कानात शिरले आणि तिथेच बसले. त्या सांगणार होत्या ते वाक्य तोंडात तयार होतं. नुसते ओठ उघडायचे होते.

"चहा टाकू?" त्या म्हणाल्या.

खरा गुन्हा तो. तारा गंजल्या तो नव्हे.

शनिवारी दोघं कानाच्या डॉक्टरांकडे गेले. तिथे काचेची खोली होती. मास्तरांना आत बसवून कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. बाई काचेबाहेर बाकावर बसल्या. तपासणी झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "वयाच्या मानाने छान आहेत. अगदी बारीक आवाज थोडे कमी येतात, पण ते या वयात सगळ्यांचंच होतं." मास्तरांनी यातलं दुसरं वाक्य तेवढं घरी आणलं.

पहिला रिकामा रविवार आला. बाई पहाटेच उठून बसल्या, सणाच्या दिवशी लहान मुलं उठतात तशा. दोघांनी गॅलरीत बसून पेपर अर्धा अर्धा वाटून वाचला. मास्तरांनी मटार सोलले. दुपारी दोघं बागेत गेले आणि बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चालींची नक्कल करत हसले. बाईंना इतकं सुख झालं की स्वतःचा राग आला. खाई त्याला खवखवे म्हणतात. मास्तर नुसतं "विजेच्या तारा किती खाली आल्यात बघ" म्हणाले तरी बाई दचकत.

मग त्यांना एकेक गोष्ट दिसू लागली. मास्तर काम करताना गुणगुणत, ते थांबलं. जेवायच्या टेबलावर बोटांनी ठेका धरायचे, त्यावर बाई आयुष्यभर "हात आवरा" म्हणत आल्या होत्या, तेही थांबलं. शिकायला येणाऱ्यांना त्यांनी हळूहळू दुसरीकडे पाठवलं. फोनची रिंग वाजली की म्हणत, "वाजला ना? की भास झाला?" एक दिवस घास हातात धरून त्यांनी विचारलं, "मीठ बरोबर आहे ना गं? मला आताशा माझाच भरवसा वाटत नाही."

बाईंनी मान हलवली. आपण यांचा रविवार चोरायला गेलो आणि बाकीचा आठवडापण उचलून आणला, असं त्यांना वाटलं. रात्रभर त्यांनी वाक्यं जुळवली. सकाळी "बँकेत जाऊन येते" म्हणून बाहेर पडल्या, दोन बस बदलून गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानात गेल्या आणि तारांचं एक सीलबंद पाकीट घेऊन आल्या. बेत असा होता की पाकीट समोर ठेवायचं आणि सगळं सांगून टाकायचं.

दार उघडलं तर भिंतीवरची गिटारची खुंटी रिकामी.

"डॉक्टरीण येऊन गेली," मास्तर म्हणाले. "देऊन टाकली तिला. पडून राहून लाकूड खराब होतं. रविवारचं आता तीच वाजवेल."

डॉक्टरीण म्हणजे मास्तरांची सगळ्यात जुनी शिष्या. दातांची डॉक्टर, चाळिशीची. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावायची आणि संध्याकाळी येऊन गिटार शिकायची. बाईंना ती आवडे. बाईंनी पर्सची चेन लावली. गिटारच गेली, आता सांगून काय उपयोग, असं त्या मनाशी म्हणाल्या. माणसाला गप्प बसायला कारण लागतं आणि ते नेहमी वेळेवर मिळतं.

पुढच्याच रविवारी डॉक्टरणीने आग्रहाने दोघांना हॉटेलात बोलावलं. अगदी पुढचं टेबल राखून ठेवलं होतं. बाई इतक्या वर्षांत त्या जेवणघरात पहिल्यांदाच आल्या. अ‍ॅकॉर्डियनवाले उठून मास्तरांना भेटले आणि काय बोलावं न सुचून त्यांनी खुर्चीच पुसून दिली.

डॉक्टरीण टेबलापाशी आली. "सर, तारा तेवढ्या बदलल्या हं मी. राग नाही ना?"

"अगं, नव्याच होत्या की त्या."

"हो, पण जरा..." ती म्हणाली आणि थांबली. तिने बाईंकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "मला थोड्या हलक्या लागतात, म्हणून." आणि गेली.

ती वाजवू लागली. बाईंना संगीतातलं फारसं कळत नसे, पण एवढं त्यांनाही कळलं. पहिल्या तारेचा आवाज काचेच्या पेल्यावर चमचा वाजवावा तसा स्वच्छ सगळ्या खोलीत गेला. जेवणाऱ्यांनी माना वळवल्या. मास्तर पुढे सरकून बसले. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"ऐकलंस?" गाणं संपल्यावर ते म्हणाले. "तेच लाकूड. आणि मला सगळं ऐकू येतंय गं, अगदी बारीकसुद्धा. म्हणजे कान नव्हते गेले."

बाईंना वाटलं, सुटले. यांना आपोआपच कळलं.

"हात गेले," मास्तर म्हणाले. त्यांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि कुणा परक्याचे असावेत तसे पाहिले. "कान गेले असते तर एक वेळ ठीक होतं. हात गेले."

डॉक्टरणीचं कौतुक करून दोघं बाहेर पडले. नदीकाठच्या रस्त्यावर ऊन होतं, बसथांब्यावर दुसरं कुणी नव्हतं. मास्तर बाकावर बसले. बाई उभ्याच राहिल्या.

"अहो, हात नाही गेले तुमचे. तारा गंजल्या होत्या."

"कुठल्या?"

"सगळ्या. मी पाकिटं फोडली ना, तिथून. न्हाणीघरातली वाफ लागली. तुम्ही ज्या नव्या म्हणून लावत होता त्या सगळ्या मेलेल्या होत्या. डब्यांच्या तळाला गंज आहे, घरी चला, दाखवते."

मास्तरांना हे कळायला क्षणभर लागलं. त्यांनी दोनदा बदललेल्या तारा आठवल्या असाव्यात, काळी झालेली बोटं आठवली असावीत. मग ते हसू लागले. इतक्या मोठ्याने की पलीकडच्या फुटपाथवरचा माणूस थांबून पाहू लागला.

"म्हणजे कान शाबूत, हात शाबूत! आणि मी वेडा दातांच्या डॉक्टरला वारसदार नेमून बसलो!" त्यांनी बाईंचा हात धरून त्यांना शेजारी बसवलं. "आणि तुझा चेहरा असा काय झालाय? अगं, चूक कुणाची होत नाही? भांडाराच्या बाई, तुमच्याकडून एक चूक झाली, पेढे वाटायला पाहिजेत."

"तुम्ही रागवा हो."

"कशाला रागवू? मला माझे हात परत मिळाले." ते बोटं उघडत-मिटत होते. "गिटार तिची तिलाच राहू दे, दिलेली वस्तू मागू नये. दुसरी बघू. उद्याच बघू." बाईंच्या हातावर त्यांनी ठेका धरला. किती दिवसांनी. "पण काय गं, तुला कळलं कधी? आत्ता ना, तिचं ऐकताना?"

उत्तर त्यांनीच दिलं होतं. बाईंना नुसती मान हलवायची होती. मान हलवली असती तर दोघं हसत घरी गेले असते, आणि ही गोष्ट मास्तरांनी पुढे वर्षानुवर्षं लोकांना रंगवून सांगितली असती. बाईंनी हातावरचा तो ठेका पाहिला.

"नाही," त्या म्हणाल्या. "कानाच्या डॉक्टरांकडे गेलो त्याच्या आधी. त्याच आठवड्यात."

मास्तरांच्या तोंडावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तिथेच राहिलं, पण बोटं थांबली.

"तू तर तिथे होतीस. काचेबाहेर."

"हो."

"मला घाम फुटला होता. आवाज आला की नाही आला तेच कळेना. तू मला हात करून दाखवलास, घाबरू नका म्हणून."

"हो."

"तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

त्यांनी हात काढून घेतला. झटकून नाही, आपला हळूच, आणि मांडीवर ठेवला.

"का?"

बाईंनी वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना. "रविवारी तुम्ही घरी असावं म्हणून," त्या म्हणाल्या. बोलून झाल्यावर त्यांना ते इतकं लहान वाटलं की पुन्हा उचलून घ्यावं असं झालं.

मास्तर नदीकडे पाहत होते. बस आली, दार उघडलं, कुणी चढत नाही पाहून निघून गेली.

"म्हणाली असतीस तर राहिलो असतो गं," ते म्हणाले. आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "एवढ्या वर्षांत तू एकदासुद्धा म्हणाली नाहीस."

बाई तोंड उघडून काही सांगायला गेल्या. मग त्या आठवू लागल्या. आपटलेली भांडी आठवली, लावलेली दारं आठवली. तोंडाने मात्र त्या खरंच कधी म्हणाल्या नव्हत्या.